वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर बसलेला वाघ

या सदरात छापल्या जाणाऱ्या भुताखेतांच्या हकिकतींविरुद्ध मी संपादकांना आजवर खरमरीत पत्रे लिहिली आहेत. माझे मत आजही तेच आहे. तरीही लिहितो आहे, कारण आमच्या चामोर्शीच्या आठवडी बाजारात माझ्याच घरातली गोष्ट मला चुकीची ऐकवली गेली.

म्हणे, वाघाने डरकाळी फोडली, बॉनेटवर पंजा ठेवला... साफ खोटे. मी वनपाल होतो. उभी हयात वाघांच्या ठशांमागे गेली. तो नुसता बसला होता.

मागल्या पावसाळ्यातली सकाळ. नात प्रणाली पोटदुखीने तळमळत होती. जवळच्या एका डॉक्टरांनी अपेंडिक्स सांगितले आणि चंद्रपूरला तातडीचे ऑपरेशन ठरले. मुलगा प्रशांत गाडी चालवत होता. वैनगंगेचा पूल ओलांडून मूलच्या दिशेने गेले की जंगलात वाघदेवाचा दगड लागतो. जाणारा-येणारा त्यावर हिरवा पाला ठेवतो.

सून म्हणाली, "मामाजी, पाला ठेवू द्या ना. दोन मिनिटं लागते."

"पोरगी तळमळून राह्यली अन् तुले पाला सुचते?"

पुढल्याच वळणावर वाघ. रस्त्याच्या मधोमध, पंजे दुमडून. डावा कान टोकापासून मुळापर्यंत फाटलेला.

"बाबा, हॉर्न मारू का?"

"मार. मग त्याले समजवाले तूच उतरजो."

आमच्याकडे वाघासमोर हॉर्न वाजवत नाहीत. इंजिन बंद करून वाट पाहतात. पाहिली. तो हलला नाही. मागे प्रणाली कण्हत होती. शेवटी मीच गाडी वळवायला लावली — भीतीने नव्हे, वेळ जात होता म्हणून. प्रशांत मित्रांना काहीही सांगो.

पूल पुन्हा ओलांडून आम्ही आष्टीचा रस्ता धरला. तिकडूनही चंद्रपूर गाठता येते. आणि आष्टीच्या अलीकडे, जंगलात... तोच. तसाच बसलेला. तोच फाटका कान.

"दुसरा असन, बाबा," प्रशांत म्हणाला. त्याचे त्यालाच पटले नव्हते.

मध्ये पुराने फुगलेली वैनगंगा होती आणि आम्ही वाटेत कुठेही थांबलो नव्हतो. वाघ पोहतो, हे मला कोणी शिकवू नये. पण तो गाडीच्या आधी पोहोचत नाही.

त्याने माझ्याकडे पाहिले. नोकरीत पुष्कळ वाघांनी माझ्याकडे पाहिले आहे. हे पाहणे निराळे होते. मी डोक्यावरची टोपी काढली. का, ते ठाऊक नाही.

"गडचिरोलीले घे," मी म्हणालो.

तिथल्या दवाखान्यात डॉक्टरबाईंना मीच बजावले — आधीचे निदान बाजूला ठेवा, पोरीला नव्याने तपासा. सून म्हणते, हे देवाने वदवले. तोंड माझे होते.

रक्त तपासून बाई म्हणाल्या, "आजोबा, हे अपेंडिक्स नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं दुखणं आहे. ते ठाऊक नसताना भूल दिली असती, तर पोरीच्या जिवावर बेतलं असतं."

गाव म्हणते, पाला न ठेवल्याची शिक्षा म्हणून वाघदेवाने अडवले. अडवून पोर वाचवली, ही कुठली शिक्षा? वाघ दोन होते म्हणणाऱ्यांना मी त्या कानाबद्दल विचारतो. ते विषय बदलतात. मीही बदलतो.

प्रणाली आता गोळ्या घेते आणि सायकलने शाळेत जाते. दगडावर पाला मी आजही ठेवत नाही. त्या वळणावर मात्र इंजिन बंद करायला लावतो. रस्ता मोकळा असतो.

"निघू का, बाबा?" प्रशांत विचारतो.

"थांब," मी म्हणतो. "त्याले उठू दे."