शाळेतला तांदूळ गिरणीत

घरात तव्यावर भाकरी पडली की एक घटना मला अजून आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, किनाऱ्याला लागलेली बेवारस प्रेतं पाहिली. त्यातलं बरंच आता पुसट झालं. हे प्रकरण मात्र पुसलं गेलं नाही, आणि गंमत अशी की त्यात शेवटी गुन्हाच दाखल झाला नाही. माझी लिहायची सवय पंचनाम्यापुरती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, तरी कागद पुढे घेतला की अजून जरा बिचकतोच. म्हणून जे जसं घडलं त्याच क्रमानं सांगतो. नावं कुणाचीच देत नाही.

तेव्हा मी श्रीवर्धन किनाऱ्याकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. त्या पावसाळ्यात म्हसळ्याच्या बाजूला, डोंगरातल्या एका वाडीवर दरड आली. माणसं आदल्या संध्याकाळीच खाली आणली होती, म्हणून जीव वाचले. घरं आणि भातखाचरं मात्र चिखलाखाली गेली. ती कुटुंबं बोर्ली पंचतनच्या अलीकडे एका गावातल्या जुन्या, वापरात नसलेल्या शाळेत राहायला आली. सरकारनं त्यांच्या जेवणाची सोय केली. आधी ठेकेदाराकडून तयार जेवणाची पाकिटं यायची. मग वाडीतल्या बायका तहसीलदारांना भेटल्या आणि म्हणाल्या, आम्हाला शिधा द्या, रांधून आम्ही घेऊ. तहसीलदारांनी मान्य केलं. तांदूळ, डाळ, तेल गोणी-डब्यांनी येऊ लागलं आणि शाळेच्या पडवीत चूल पेटली. तिचा कारभार बचत गटाच्या अध्यक्ष असलेल्या बाईंकडे होता. लहानथोर सगळे त्यांना काकी म्हणत.

त्या चुलीचं मोल मी बंदोबस्ताला असताना पाहिलं होतं. पाकिटं येत होती तोवर माणसं भिंतीला टेकून नुसती बसलेली असायची. चूल पेटल्यावर कोणी लाकडं फोडायला लागलं, कोणी विहिरीवर गेलं, म्हातारी माणसं डाळ निवडायला बसली. घर गेलं होतं, शेत गेलं होतं. आपली म्हणावी अशी तेवढी एक चूल राहिली होती.

एके दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. घेतला आमच्या हवालदारानं. हा माणूस साताऱ्याकडचा, कामाला चोख, आवाज मात्र असा की फोनशिवायही पलीकडे ऐकू जावा. फोन ठेवून तो माझ्याकडे आला.

“साहेब, कोणीतरी म्हातारा होता. रेंज नव्हती धड. म्हणतोय, शाळेतला सरकारी तांदूळ पळवतायत. गिरणीत.”

“नाव सांगितलं?”

“नाव विचारलं तर म्हणाला, मला पण हवाय. आणि कट झाला.”

“मला पण हवाय म्हणजे?”

“हिस्सा हवा असेल, साहेब. वाटणीत काढून टाकला असणार.”

हवालदाराचा तर्क मला तेव्हा पटला. बहुतेक खबरा अशाच येतात. सोबत असलेल्यातला एक नाराज होतो आणि मग त्याला कायदा आठवतो. स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही दोन पंच घेतले आणि गिरणीवर गेलो.

गिरणी शाळेपासून हाकेच्या अंतरावर. चालवणारे गृहस्थ गावातलेच, साठीच्या पुढचे. त्यांना सगळे चाचा म्हणत. जात्याजवळ पिठानं पांढरे झालेले उभे होते. मागच्या खोलीत सरकारी शिक्क्याच्या गोण्या सापडल्या, अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या.

“चाचा, हा माल कुठला?”

“साहेब, शिक्का तुम्हाला वाचता येतोय. मी कशाला खोटं बोलू?”

“इथं कसा आला?”

चाचांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “मी आणला. सगळा गुन्हा माझा. बाई लोकांना मधे घालू नका.”

पंचनामा झाला, गोण्या ताब्यात घेतल्या. बातमी आमच्याआधी तहसील कार्यालयात पोचली. दुपारी तिथले पुरवठ्याचे अधिकारी ठाण्यात हजर. तरुण होते, वाईट नव्हते, पण त्यांच्यावरही वरून दबाव असावा.

“मदतीच्या धान्याचा अपहार आहे हा,” ते म्हणाले. “जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली घ्या. आम्ही उद्यापासून शिधा बंद करून पुन्हा पाकिटं सुरू करतो. आणि एवढी माणसं एकत्र ठेवण्यातच घोळ होतोय. पांगवू वेगवेगळ्या गावांत.”

मी म्हणालो, “आधी जबाब तर होऊ द्या.”

“उद्या दुपारपर्यंत सांगा, साहेब. मलाही अहवाल द्यायचाय.”

म्हणजे गुन्हा काकींवर आणि चाचांवर लागणार होता, पण शिक्षा त्या पडवीतल्या प्रत्येकाला होणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेलो. बाईमाणसाचा जबाब ठाण्यात बोलावून घ्यायचा नसतो, म्हणून महिला शिपाई सोबत घेतली. हवालदार लिहायला. काकी चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. उठल्या नाहीत.

“काकी, तांदूळ बाहेर कोण नेतं?”

“मी.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“माझ्याच. दुसरं कोन सांगनार मला? नवरा पन कधी सांगू शकला न्हाय.”

मागे बसलेल्या बायका हसल्या. हवालदारानं हे लिहायचं की नाही म्हणून माझ्याकडे पाहिलं.

“गिरणीत नेऊन काय करता?”

काकींनी पुढचा गोळा थापायला घेतला.

“विकता?”

“विकलाय म्हनून कोनी सांगू दे समोर येऊन!” पहिल्यांदाच आवाज चढला. मग लगेच खाली आला. “चाचांचा काय दोष न्हाय. त्यांना सोडा. मला न्या.”

इथं मी थोडा थांबलो. चौकशीचा माझा अनुभव असा की दोघांनी मिळून चोरी केली असेल तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. फार झालं तर दोघंही नाकारतात. इथं दोघं गुन्हा आपल्याकडे ओढत होते. काकींना चाचांची काळजी, चाचांना काकींची. काहीतरी लपवलं जात होतं हे नक्की, पण चोराचा चेहरा कुठे दिसत नव्हता.

“सायेब, लिवून झालं आसंल तर जेवून घ्या,” काकी म्हणाल्या. “मग काय ते न्या.”

ज्याची चौकशी चालू आहे त्याच्या घरचं खायचं नाही, हा माझा नियम. मी नको म्हणालो.

“घर कुठं हाय माझं? ही शाला हाय. शालेत खाल्लं तर चालतं ना?”

 मी बसलो. ताटलीत सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी आली. तव्यावरून नुकतीच उतरलेली. मी ती मधे दुमडली. दुमडली, पण चिरली नाही. कड गोल, पदर सुटलेला, घास तोंडात मऊ. पुढचा घास घ्यायच्या आधी माझा हात थांबला.

माझं लहानपण म्हसळ्याकडच्या भातशेतीवाल्या घरात गेलं. घरचा तांदूळ संपला की रेशनचा यायचा. त्याचा भात बरा व्हायचा, पण भाकरी म्हणजे आईची परीक्षा. उकळतं पाणी घाला, मळा, मळत बसा, तरी कडेनं फाटायचीच. आई म्हणायची, “रेशनची भाकर तव्यावर रुसते.” शाळेत येणारा सरकारी तांदूळ मी स्वतः गाडीतून उतरताना पाहिला होता, तो त्याच जातीचा होता. आणि माझ्या हातातली ही भाकरी अजिबात रुसलेली नव्हती.

“काकी,” मी विचारलं, “ही भाकरी कुठल्या तांदळाची?”

त्यांचा हात पिठातच राहिला. माझ्याकडे बघून हसल्या.

“वलखलंत तर. पालटलेल्या तांदलाची.”

मग सगळं बाहेर आलं. सरकारी तांदळाची भाकरी होत नव्हती, आणि वाडीतल्या माणसांचा भाकरीशिवाय जेवण झालं यावर विश्वास बसत नव्हता. म्हातारी माणसं अर्धपोटी उठायला लागली. काकींनी गिरणीत नुसतं बोलून दाखवलं. चाचांनी दळायला येणाऱ्या गावातल्या बायकांच्या कानावर घातलं. त्या भातशेतीवाल्या घरांतल्या. त्यांनी आपला घरचा, भाकरीचा तांदूळ आणायचा, बदल्यात सरकारी तांदूळ न्यायचा आणि त्याचा भात करायचा. मापाला माप. पैसा नाही. चाचा दळणाचंही काही घेत नव्हते. सरकारी माल दुसऱ्याच्या घरी गेला तर तो गुन्हा होतो, एवढं सगळ्यांनी ऐकलेलं होतं. म्हणून सगळे गप्प.

“मला आधी का नाही सांगितलं?”

“तुमी लिवून घेनार. चाचांचं नाव कागदावर गेलं की ते तिथंच ऱ्हानार.”

तेवढ्यात माझ्या मागे हवालदारानं एकदम घसा खाकरला. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण बोलला अगदी हळू.

“साहेब, तो म्हातारा... पालटतायत म्हणाला असेल का? मी पळवतायत ऐकलं.”

आम्ही तिथूनच त्या नंबरवर फोन लावला. वाडीतलेच एक आजोबा निघाले. शाळेत न राहता ते लेकीकडे राहत होते.

“अवो, मी कंप्लेंट कुठं केली?” आजोबा म्हणाले. “मला पन शिधा मिलतो. मी इचारत होतो, मला पन पालटून मिलंल काय?”

“त्यासाठी पोलीस ठाण्यात फोन?”

“दरडीच्या येळी तुमच्याच मानसानं नंबर दिलेला. म्हनला, कायबी लागलं तर लावा.”

नंबर वाटणारा माणूस माझ्याशेजारीच उभा होता. हवालदार पुढचे दोन दिवस कुणाशी फार बोलला नाही.

पण नुसत्या भाकरीवर तपास संपवता येत नाही. दुपारची मुदत संपायच्या आत मी गावातल्या घरांत जाऊन जबाब घेतले, बाजारातल्या दुकानदारांकडे चौकशी केली. एक दाणाही विकलेला सापडला नाही. मग तहसीलदारांकडे गेलो. पुरवठ्याचे अधिकारीही तिथं होते. मी सांगितलं, लबाडीचा हेतू नाही, कुणाचा फायदा नाही, मला यात गुन्हा दिसत नाही. माझं म्हणणं कायद्याच्या काटेकोर मापात बसत होतं का, याची मला आजही पूर्ण खात्री नाही. तहसीलदारांनी मला बसायला सांगितलं.

त्यांनी जबाबांचे कागद चाळले. मग म्हणाले, “गोणी शाळेच्या बाहेर जाता कामा नये. ज्याला पालटायचंय त्यानं शाळेत यावं. तलाठी समोर बसेल. चूल राहू द्या.”

पुरवठ्याच्या अधिकाऱ्यांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “साहेब, माझी आजीही हेच करायची. मला सुचायला हवं होतं.”

पुढे काही दिवस त्या पडवीत छोटा बाजारच भरत होता. गावातल्या बायका डोक्यावर टोपली घेऊन येत, तांदूळ पालटून होई आणि मग तासभर गप्पा. कोणाची सून बाळंत, कोणाची म्हैस आटली. पाहुणे आणि गाव असा फरक हळूहळू राहिला नाही. कुटुंबं पांगली नाहीत. नवी घरं तयार होईपर्यंत सगळी एकत्र राहिली.

मी पुढे निवृत्त झालो. नव्या वसाहतीत काकींनी जेवायला बोलावलं तेव्हा हवालदारालाही सोबत घेऊन गेलो. तोही आता निवृत्तच. ताटात भाकरी आली ती कडेनं फाटलेली.

“रेशनची हाय,” काकी म्हणाल्या. “आता शेजार नवा. पालटायला आधी वलख व्हायला पायजे.”

मी ती सगळी खाल्ली. मग पिशवी पुढे केली. माझ्या घरच्या शेतातला भाकरीचा तांदूळ त्यांच्यासाठीच आणला होता. काकींनी तो घेतला, आत गेल्या आणि तीच पिशवी रेशनच्या तांदळानं भरून माझ्या हातात दिली. फुकट घेणार नाही म्हणाल्या.

या प्रकरणानं मला एक सवय लावली. काय गेलं याची चौकशी पोलीस करतोच, त्याच्या बदल्यात काय आलं तेही मी त्यानंतर विचारू लागलो.

परत येताना हवालदारानं माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं आणि सगळी एसटी वळून बघेल अशा आवाजात म्हणाला, “साहेब, सरकारी तांदूळ पळवताय?”

“पालटलाय,” मी म्हणालो. “नीट ऐका.”