अक्कांचा उलटा हात

घरात कुणाला ताप आला की बायका कपाळाला उलटा हात लावून बघतात. आमच्या अक्का तो हात चार्जरला लावायच्या. भाकरी थापता थापता मध्येच उठून, पाहुण्यांना निरोप देता देता, भिंतीवर जिथे म्हणून चार्जर लटकत असेल तिथे तो हात जायचाच. गरम लागला की ओरडायच्या, "बिसी हाय! काढ आधी!" कानडीतलं हे 'बिसी' म्हणजे गरम, हे मला सोलापुरात आल्या दिवशीच कळलं. तो चार्जर माझा होता.

शेळगीत अक्कांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचो आणि टॉवेलच्या कारखान्यात कामाला जायचो. अक्कांचं शिक्षण सातवी आणि उद्योग लग्नं जुळवण्याचा, तोही निव्वळ हौसेचा. पत्रिका वाचायचं भिंग सदैव कनवटीला असायचं आणि त्याच भिंगातून त्या चार्जरच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायच्या. "व्होल्ट जुळलाच पायजे, तितं तडजोड न्हाय. आणि घराणं बघ. लिथियमच्या बॅटरीला लिथियमचाच चार्जर. नुसती पिन आत गेली म्हंजे जमलं व्हय रे?" जमलेल्या जोडीला त्या एकाच रंगाचा दोरा बांधून टाकायच्या. माझ्या मोबाइलच्या कव्हरला पिवळा दोरा होता आणि कारखान्यात सगळे मला कसला नवस बोललायस म्हणून विचारायचे.

कुठे मुलगा बघायला गेल्या की चहाच्या आधी चार्जर मागायच्या. तुटक्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली की ते स्थळ बाद. "बिघडलंय ते बदलत न्हाय, पट्ट्या लावून दिवस काढतंय. पोरीचं काय करंल?" वायर धरून प्लग हिसकणाऱ्या एका इंजिनिअरला त्यांनी चहा न घेताच नकार कळवला. आम्ही पोट धरून हसायचो. मी जरा जास्तच हसायचो, कारण आपली पाळी येणार आहे हे मला ठाऊक नव्हतं.

ती आली गिरिजाच्या रूपाने. गिरिजा म्हणजे अक्कांची भाची, दुधनीला राहणारी, रविवारी आत्याकडे येणारी. ती अंगणात दिसली की मी जिना उतरताना हमखास एक पायरी चुकायचो. तिलाही मी आवडलो, का ते ती आजतागायत सांगत नाही. तिच्या वडिलांनी मात्र एका वाक्यात विषय संपवला, "अक्का हो म्हणली तर हो."

झालं! माझ्याकडे तेव्हा जुनी घेतलेली इलेक्ट्रिक स्कूटर होती. मी दुपारचा कारखान्यातून आलो आणि तिची बॅटरी काढून चार्जिंगला न्यायला लागलो की अक्का दारातच अडवायच्या. "उन्हातनं आलेल्या माणसाला उंबऱ्यावरच ताट वाढतात व्हय? बसू दे जरा, थंड होऊ दे. मग लाव." पहिल्यांदा मी बॅटरी थंड करायला पाणी आणायला धावलो होतो. "बॅटरीला न्हवं रे! तू पी!"

मेमधल्या एका रविवारी गिरिजा आणि तिचे वडील बोलणी करायला यायचे होते. नेमका त्याच सकाळी माझा चार्जर बंद पडला. गिरिजाला स्कूटरवरून गावभर फिरवायचे बेत मी आठवडाभर रचत होतो, त्यामुळे शेजारच्या मित्राचा चार्जर मागून आणला. पिन तीच, अठ्ठेचाळीस व्होल्टचा आकडाही तोच. फक्त तो जुन्या शिशाच्या बॅटरीचा होता. अक्कांच्या नजरेला पडू नये म्हणून बॅटरी आणि चार्जर दोन्ही पलंगावर ठेवले आणि वरून चांगली जाडजूड सोलापुरी चादर घातली. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की खाली येऊन दोनदा सरबत मागितलं.

गिरिजाचे वडील पहिला घोट घेतायत तोच अक्का जिन्याकडे बघत म्हणाल्या, "कसला वास येतोय?" आणि त्या निघाल्या. मागून मी, माझ्यामागे गिरिजा, तिच्यामागे सरबताचा पेला घेऊन तिचे वडील. अक्कांनी चादरीवर उलटा हात ठेवला मात्र! भिंतीवरचं बटण बंद, प्लग धरून बाहेर, चादर बाजूला. भिंगातून चार्जर वाचला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय मालक?" अक्का चिडल्या की समोरच्याला मालक म्हणायच्या.

बॅटरी त्यांनी मला गच्चीवर, सावलीतल्या मोकळ्या शहाबादी फरशीवर ठेवायला लावली. तिच्या आसपास कापड नाही, कागद नाही. मग आम्ही चौघं लांब उभं राहून तिच्याकडे बघत राहिलो. माझ्या आयुष्यातला मुलगी बघण्याचा कार्यक्रम हा असा बॅटरी बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ती एका बाजूने फुगल्याचं सांगून ठेवूनच घेतली.

"चूक झाली तर शिकवता येतंय," अक्का भावाला म्हणाल्या, "पण ह्यानं लपीवलं. आज माझ्याच्यानं हो म्हणवत न्हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिरिजा जाताना वळून बघेल असं वाटलं होतं. ती बघायला विसरली नाही, पण हसली नाही.

नवी बॅटरी तिच्याच कंपनीच्या चार्जरसकट घेतली आणि ती अक्कांच्या डोळ्यांसमोर, अंगणात चार्ज करायला लागलो. त्या येता-जाता तिला उलटा हात लावायच्या आणि आत निघून जायच्या. श्रावण संपता संपता एकदा गिरिजाचा फोन आला, "स्टँडवर उभी हाय, तासाभरात गाडी हाय माजी, येतोस का?" मी नुकताच कामावरून आलो होतो. बॅटरी रिकामी आणि चांगलीच तापलेली. प्लग हातात घेतला, खाली ठेवला, बॅटरी तशीच सावलीत सोडली आणि रिक्षा पकडायला पळालो, चपला उलट्या-सुलट्या घालून. परत आलो तेव्हा अक्का खिडकीतून सावलीतल्या बॅटरीकडे बघत फोनवर दुधनीला भावाशी बोलत होत्या. मला बघून एकच शब्द म्हणाल्या, "आगलि." म्हणजे होऊ दे. मी अंगणातच नाचलो. माझ्याबरोबर अक्कांची शेळीही नाचली, कारण तिच्या दाव्यात माझा पाय अडकला होता.

लग्नानंतर चार वर्षांनी अक्का आजारी पडल्या. दवाखान्यातून निरोप आला तसा मी कारखान्यातून भर उन्हात धावत गेलो. धाप लागली होती, खूप काही बोलायचं होतं. त्यांनी माझ्या गालाला उलटा हात लावला आणि हसल्या. "बिसी हाय. बस जरा. मग बोल."

मी बसलो. माझा घाम वाळेपर्यंत त्यांना झोप लागली होती. त्या झोपेतून त्या उठल्याच नाहीत.

बोलायचं होतं ते सगळं तसंच राहिलं. आता कामावरून आलो की स्कूटर सावलीत लावतो आणि बॅटरी थंड होईपर्यंत पायरीवर बसून ते अक्कांना सांगत राहतो. अर्ध्या तासाने गिरिजा बाहेर येते. आधी माझ्या गालाला उलटा हात लावते, मग बॅटरीला, आणि म्हणते, "आगलि. लाव आता."