आज काय जातंय?

बापटसाहेब मार्केट यार्डात शिरले की हमाल एकमेकांना सांगायचे, "रेल्वे आली." साहेब रोज सकाळी सायकलला छत्री अडकवून येत आणि प्रत्येक गाळ्यापुढे एकच प्रश्न विचारत, "शेठ, आज काय जातंय?" पुण्याच्या रेल्वे मालधक्क्यासाठी माल मिळवणं हे त्यांचं काम. मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. सरकारी नोकरीत असं दारोदार हिंडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ट्रकवाले गाळ्यावरून माल उचलत आणि थेट गिऱ्हाइकाच्या दारात टाकत. साहेबांपाशी द्यायला काय होतं? "इंजिन कोळशावर चालतं, रेल्वे शब्दावर," ते म्हणत. त्या शब्दावर चुनीलालशेठ वर्षानुवर्षं आपला गूळ आमच्याकडे देत. एकदा मी म्हटलं, "शेठ तुम्हाला फार मानतात."

"म्हणूनच भीती वाटते. न मानणारा निदान भांडतो तरी."

एका वैशाखात वीजकेंद्रांचा कोळसा संपत आला. वरून हुकूम आला, सगळी इंजिनं कोळशाच्या गाड्यांना लावा. शेठचा गूळ मालगाडीच्या वाघिणींत भरून तयार, आणि ओढायला इंजिन नाही. साहेबांनी फोनवर फोन केले. पलीकडून उत्तर आलं, "अहो, गुळावर दिवे लागतात का?" पत्र्याच्या वाघिणी उन्हात तापत राहिल्या. गूळ पाघळून फटींतून रुळांवर उतरला. साहेब छत्री मिटून तिथेच उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेठ भांडले नाहीत. त्यांनी साहेबांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रक लावले. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही लावले. पुढे आमच्या धक्क्यावर सिमेंट आणि खत तेवढं उतरायचं. निवृत्त झाल्यावरही साहेब यार्डात जात, सगळीकडे तोच प्रश्न विचारत. फक्त चुनीलालशेठच्या गाळ्यापुढून मान खाली घालून निघून जात.

साहेबांच्या शेवटच्या आजारात शेठ भेटायला आले. खाटेजवळ बसून म्हणाले, "साहेब, मला विचारा की."

साहेब पुटपुटले, "शेठ, आज काय जातंय?"

"गूळ. तुमच्याच वाघिणीतून."

साहेब हसले. "इतकी वर्षं धंदा केलात, अजून खोटं बोलता येत नाही तुम्हाला." पण शेठचा हात त्यांनी सोडला नाही.

त्याच आठवड्यात साहेब गेले. बातमी सांगायला मी यार्डात गेलो, तेव्हा शेठच्या गाळ्यापुढे ट्रक भरत होता. शेठ उठून ट्रकपाशी गेले. मग हमालांना म्हणाले, "थांबवा रे. आज काही जात नाही."