क्रेनची जागा

आमच्या घरात प्रत्येक गाडी दोनदा यायची. एक उघडायला, एक बंद ठेवायला. नवऱ्याच्या छंदाची, मुठीत मावेल एवढी धातूची गाडी, पण तिचे नियम ऐकले तर डोकं धरून बसाल. बंद गाडी खोक्यातून कधीच बाहेर येणार नाही, तिच्यावर ऊन पडणार नाही, आणि माझा धूळ पुसायचा फडका तर तिच्या आसपास फिरकणार नाही. लग्न झालं तेव्हा कपाटाचा वरचा कप्पा माझ्या कपड्यांसाठी ठरला होता. महिन्याभरात तिथे खोकी आली आणि माझे कपडे पलंगाखाली पार्क झाले.

नवरा गॅरेजमध्ये पेंटर आहे. ठोकलेली गाडी आली की आधी डेंटर पत्रा सरळ करतो. मग हा खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो, पॉलिश पेपरने घासतो, रंग मारतो, आणि गाडी अशी करून देतो की मालकालाच कळू नये कुठे लागलं होतं. सगळे त्याला 'फिनिशिंग' म्हणतात. बाकीचे हात धुऊन घरी निघाले तरी हा बॅटरी तिरकी धरून दारावर प्रकाश टाकत बसणार. पत्र्यावर कुठे लाट राहिलीय का, एखादा ओरखडा दिसतोय का. "बायकोकडे कधी इतकं निरखून बघितलंस का रे?" असं डेंटर त्याला माझ्यासमोर विचारायचा. त्या माणसाच्या जिभेला हाड नाही.

एवढा मोठा रंगारी, पण छोट्या गाड्यांना मात्र त्याने कधी ब्रश लावला नाही. "कारखान्याचा रंग तो कारखान्याचा," म्हणायचा. "त्यावर आपला हात फिरला की गाडी संपली." याला पुन्हा रंगवलेली गाडी फुकट दिली तरी तो घ्यायचा नाही.

मग आमची मुलगी झाली. तिचं नाव वेगळं होतं, पण दात आल्यापासून जे हाताला लागेल ते कुरतडायची, म्हणून ती खारू झाली. उघड्या गाड्या आपोआप तिच्या झाल्या. तिने त्या जिन्यावरून सोडल्या, बादलीत बुडवल्या, मातीत पुरल्या आणि दुसऱ्या दिवशी कुठे पुरल्या ते विसरली. अग्निशमनची गाडी तर तिच्या उशाशी असायची. तिच्या टपावरचा लाल रंग घासून घासून गेला होता, खालचा धातू दिसायचा, आणि प्लॅस्टिकच्या शिडीवर खारूच्या दातांची रांग उमटली होती. हा बघायचा आणि त्याचा जीव खालीवर व्हायचा. पण बोलायचा नाही. "तिच्या वाटणीची आहे," एवढंच म्हणायचा, आणि वर बंद खोक्यातल्या त्या गाडीच्या जुळ्या बहिणीकडे बघून समाधान करून घ्यायचा.

कपाटाचा खालचा खण खारूचा. त्यात त्याने जाड कागद अंथरला होता आणि पेन्सिलीने प्रत्येक गाडीची जागा आखली होती. नुसत्या असलेल्या गाड्यांची नाही, अजून यायच्या होत्या त्यांचीही. संध्याकाळी दोघं पालथे पडून खणात डोकं घालायचे. इथे दुमजली बस. इथे कचऱ्याची गाडी. आणि कोपऱ्यातली सगळ्यात लांब जागा क्रेनची. खेळणीवाल्याच्या दुकानात क्रेनचं चित्र लागलं होतं, माल यायला अवकाश होता.

"बाबा, हुक खरंच खाली येणार?"

"खरंच येणार. दोरीने."

"मग मी चमचा उचलणार."

चमचा, चप्पल, आईचा चष्मा. क्रेनने काय काय उचलायचं ते ठरवता ठरवता जेवण गार व्हायचं आणि मी दोघांवर ओरडायचे.

तिला सहावं लागलं आणि साध्या तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात नेताना आम्ही तिघं होतो, परत आलो ते दोघं. यापुढे मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही.

त्यानंतर तो कामावर जायचा, यायचा, जेवायचा. माझ्यासमोर एकदाही रडला नाही, याचा मला भयंकर राग यायचा. खणाकडे तर तो बघायचाही नाही, कपाटासमोरून जाताना मान फिरवायचा. तो गेल्यावर दुपारी मी मात्र खण उघडायचे. अग्निशमनची गाडी काढायचे आणि शिडीवरून बोट फिरवायचे. एक दात थोडा वाकडा होता, तो बोटाला बरोबर लागायचा. तिचे कपडे धुतले गेले होते, उशीचा वास उडून गेला होता. तिने स्वतः केलेलं असं घरात तेवढंच उरलं होतं. हे मी त्याला सांगितलं नाही. आम्ही दोघंही तेव्हा एकमेकांना काहीच सांगत नव्हतो.

तिचा वाढदिवस जवळ आला. मी आईकडे गेले, कारण त्या घरात मला ते दिवस काढवत नव्हते. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी परतले तर तो दारातच उभा. कितीतरी दिवसांनी दाढी केलेली. "ये," म्हणाला, आणि माझा हात धरून खणापाशी घेऊन गेला.

खण उघडला. सगळ्या गाड्या नव्याकोऱ्या.

नव्याकोऱ्या म्हणजे शब्दशः. त्याने सगळ्या गॅरेजवर नेल्या होत्या, रंग उतरवला होता, बंद खोक्यातल्या जोडीदाराशी ताडून प्रत्येकीचा रंग बनवला होता. चाकांत अडकलेली माती काढली होती. ज्या हाताने ब्रश लावायचा नाही अशी शपथ होती, त्याच हाताने. अग्निशमनची गाडी मधोमध, टप लालभडक. मी ती उचलली. शिडीवरून बोट फिरवलं. बोट सरळ शेवटपर्यंत गेलं.

"खारूचे दात कुठे आहेत?"

"भरले," तो म्हणाला. "बारीक होते. आता दिसणार नाहीत."

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. चेहरा असा उतरला की मला शिव्या द्यायच्या होत्या त्या घशातच राहिल्या. नंतर दिल्या, नाही असं नाही. पण त्याआधी त्याने कोनाड्यातली बॅटरी आणली, जमिनीवर बसला आणि एकेका गाडीवर तिरका प्रकाश टाकून बघायला लागला. रोज करतो तसंच, एखादा ओरखडा राहिलाय का म्हणून. बसवर नाही. जीपवर नाही. टेम्पोच्या पोटाखाली नाही. त्याच्या हातून काही राहत नाही हो, तीच तर त्याची ख्याती. तेव्हा तो रडला. मी जवळ गेले नाही. माझ्याने जाववलं नाही.

दुसऱ्या दिवशी डेंटर घरी आला. चेष्टा नाही, काही नाही, नुसता चपला काढून उभा. "वहिनी, मी त्याला म्हटलं होतं, असू दे तसंच. तर म्हणाला, तिच्या वाढदिवसाला तिच्या गाड्या अशा खरचटलेल्या कशा ठेवू?"

आयुष्यभर त्याने एकच शिकलं होतं, लागलेलं दिसू द्यायचं नाही. तेच त्याने तिच्यासाठी केलं.

थंडी संपता संपता क्रेन आली. खेळणीवाल्याने कधीच्या सांगून ठेवलेल्या दोन बाजूला काढल्या होत्या, त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. नवऱ्याने दोन्ही घरी आणल्या. एक वर ठेवली. दुसरी उघडली आणि जमिनीवर ठेवून हुक खाली सोडला. दोरीने, खरंच येत होता. मी स्वयंपाकघरातून चमचा आणून दिला. क्रेनने तो उचलला, थोडा हलला, पडला.

मग त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि क्रेनच्या टपावर टेकवला. मला कळलं, तो तिच्यावर ओरखडा काढायला बघतोय. टेकवून बसला, दाबेना. "तू कर," म्हणाला. मी क्रेन घेतली, तोंडापर्यंत नेली, आणि तशीच खाली ठेवली. माझे दात घेऊन काय करायचं होतं?

त्याने ती खणात तिच्या जागेवर ठेवली. जागा बरोबर होती, एक केसभर कमी-जास्त नाही.

परवा खेळणीवाल्याचा फोन आला. कचऱ्याची गाडी येणार आहे, नेहमीसारख्या दोन ठेवू ना? तो माझ्याकडे बघत राहिला.

"एकच ठेवा," तो म्हणाला. "उघडायला कोणी नाही."