चादरीमागचं एचडी

टीव्ही आला त्या दिवशी आमच्या येरवड्याच्या घरात बारशासारखी धांदल होती. चाळीस इंची, सपाट, फुल एचडी. हिंजवडीच्या एका कंपनीत मी बँकांची सॉफ्टवेअर तपासायचो, आणि नोकरीला लागल्यापासून घरासाठी घेतलेली ही माझी पहिली मोठी वस्तू. खोकं जिन्याच्या वळणावर अडकलं. बाबा खालून "तिरपं करा, तिरपं!" म्हणून ओरडत होते, आई वरून "आपटू नका रे!" म्हणत होती, आणि शेजारचे पोस्टमास्तर आपलं दार उघडून शांतपणे सगळं बघत उभे होते. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण अख्खी बिल्डिंग त्यांना पोस्टमास्तरच म्हणायची.

"टीव्ही बसवताय की खिडकी?" त्यांनी विचारलं आणि आमच्या मागोमाग आत येऊन बाबांच्या खुर्चीत बसले.

जुना डबा उचलून बाजूला ठेवला, केबलची वायर नव्या टीव्हीला जोडली. रिमोट दाबला. पडदा निळा झाला, मग काळा, आणि मग बातम्या देणारी बाई दिसली. दिसली म्हणजे काय, ओळखू आली. तिला नाक होतं, पण नाकाला कडा नव्हत्या. केस म्हणजे काळा लगदा. खालून पळणारी अक्षरं ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी.

"नवा आहे ना," आई म्हणाली, "जरा तापू दे. तापला की येईल नीट."

आम्ही चौघांनी तो तापेपर्यंत वाट पाहिली. टीव्ही तापला, चित्र तसंच राहिलं.

"छान आहे," पोस्टमास्तर उठता उठता म्हणाले. "मी चष्मा काढला की मला असंच दिसतं. त्यासाठी जिन्यात खोकं अडकवावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी फोनवर एका मित्राला हे सगळं सांगत होतो. त्याचं म्हणणं, टीव्हीत काही खोट नाही, त्याला मिळणारं चित्रच हलकं आहे. "बरोबर," मी म्हणालो, "आता ब्लू-रेच्या डिस्कशिवाय इलाज नाही. खरं एचडी आणल्याशिवाय तो टीव्ही जागा होणार नाही."

फोन ठेवला तर शेजारून आवाज आला, "ब्लू-रे कशाला हो? एखादा चांगला अपकन्व्हर्ट करणारा डीव्हीडी प्लेअर घ्या की."

शास्त्रीनगरच्या कोपऱ्यावर चढणारी मुलगी. तोपर्यंत आमच्यात "जरा सरकता का?" यापलीकडे संभाषण झालेलं नव्हतं. ती आमच्याच कंपनीत होती, पण व्हिडिओच्या विभागात. डीव्हीडीवरचं चित्र उलगडून पडद्यावर मांडणारी सॉफ्टवेअर ते लोक लिहायचे.

"डीव्हीडीच्या चित्रात ठिपके कमी," ती सांगू लागली. "तुमच्या टीव्हीवर ठिपक्यांच्या जागा कितीतरी जास्त. मग मधल्या रिकाम्या जागा कुणीतरी भरायला लागतात. टीव्ही स्वतःही भरतो, पण कसा? लहान मूल रांगोळीत रंग भरतं तसा. चांगला प्लेअर आजूबाजूचे ठिपके बघतो, कड कुठून कुठे चाललीय ते ओळखतो आणि मगच भरतो. यालाच अपकन्व्हर्ट म्हणतात. बघाल तर हे एचडी नाही, असं ओळखूही येणार नाही."

"पण मुळात जे नाहीच ते येणार कुठून? अंदाज तो अंदाजच."

"अंदाज चांगला असला तर?"

"तरी अंदाजच!"

आम्ही दोघंही बोलता बोलता सीटवर आडवे वळून बसलो होतो. पुढच्या सीटवरचा एक माझ्या बाजूनं बोलू लागला, मागच्या दोघी तिच्या बाजूनं. विद्यापीठ चौकातल्या गर्दीत बस थांबली तेव्हा अर्धी बस वाद घालत होती. वाकडच्या पुलाखाली पुन्हा खोळंबलो तेव्हा ड्रायव्हरनं आरशातून मागं बघत विचारलं, "म्याडम, म्हंजी घरातल्या जुन्या पिच्चरच्या शिड्या बी नव्या टीव्हीवर चांगल्या दिसत्याल, असं हाय का?"

"हाय ना, दादा!" ती म्हणाली, आणि सगळी बस हसली.

उतरताना तिनंच सुचवलं. "रविवारी दोन्ही लावून बघू. माझ्याकडे प्लेअर आहे. ब्लू-रे तुम्ही मिळवा."

ब्लू-रे मिळवणं सोपं नव्हतं. शेवटी माझा टीम लीड कामी आला. तो नुकताच अमेरिकेतून परतला होता आणि तिकडून प्लेअर आणि जंगलातल्या प्राण्यांवरची एक डिस्क घेऊन आला होता. प्लेअर तिकडच्या विजेवर चालणारा, म्हणून त्याच्यासोबत विटेएवढा जड कन्व्हर्टर. तो सांभाळत मी बसमधून घरी आलो. त्याच फिल्मची डीव्हीडी तिनं कुठूनतरी शोधून काढली. आठवडाभर आमचं बसमधलं बोलणं याच विषयावर. कुठली केबल, किती अंतर, पडदे लावायचे की उघडे ठेवायचे. ऑफिसात बँकेचे व्यवहार तपासताना माझ्या डोक्यात रविवार असायचा.

रविवारी सकाळी आई-बाबा विहारातून वंदना करून आले आणि मी सहज म्हणालो, "ऑफिसातली एक जण येणार आहे, प्लेअर घेऊन."

"एक जण म्हणजे?" आईनं विचारलं.

"मुलगी."

"हे आत्ता सांगतोस?" आईनं पिशवी खाली ठेवली आणि पुढच्या तासाभरात सोफ्याची खोळ बदलली, टीव्हीखालचं टेबल पुसलं, आणि भज्यांसाठी कांदे चिरायला घेतले. बाबांनी कारण नसताना इस्त्रीचा शर्ट घातला.

ती आली तीच धापा टाकत. प्लेअर टॉवेलात गुंडाळून कापडी पिशवीत घातलेला. "काकू, मी अकोल्याची," तिनं आल्या आल्या सांगून टाकलं. "इथं शास्त्रीनगरला पेइंग गेस्ट राहते."

"मग भज्यांत मिरची घातली तर चालेल," आई म्हणाली.

"घालाच! पुण्यात आल्यापासून कुणी घातलीच नाही."

आईला ती तिथंच आवडली, असं आता वाटतं.

परीक्षेची पद्धत तिनं ठरवली. दोन्ही प्लेअर टीव्हीला एकाच जातीच्या केबलनं जोडायचे. कुठला प्लेअर चालू आहे ते टीव्ही वरच्या कोपऱ्यात लिहून दाखवायचा, म्हणून तिथं जाड कागदाची पट्टी चिकटवली. अदलाबदल करताना आईनं टीव्हीपुढे चादर धरायची. रिमोट पाहुणीच्या हातात. परीक्षक आम्ही तिघं: मी, बाबा आणि बोलावण्याची वाट न पाहता आलेले पोस्टमास्तर.

"पहिलं चित्र," ती म्हणाली. आईनं चादर खाली घेतली.

बर्फात बसलेलं एक म्हातारं माकड. फक्त त्याचा चेहरा, पडदाभर. लाल कातडी, भुवयांवर साठलेले बर्फाचे कण. बाबा "अरे!" म्हणून पुढे झुकले. चादर वर, चादर खाली. पुन्हा तेच माकड.

मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "पहिलं एचडी. केस बघा ना, किती रेखीव."

बाबा सरकारी छापखान्यात होते. छपाईसाठी बनवलेले फोटोचे ठोकळे तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही चित्रं पुन्हा एकदा मागितली, आणि ठामपणे म्हणाले, "पहिलंच."

"मला दोन्ही माकडं सारखीच नाराज दिसतायत," पोस्टमास्तर म्हणाले. "पण बहुमतासोबत जातो. पहिलं."

तिनं ओठ दाबून धरले होते. मग तिला राहवेना. "पहिलं माझं होतं! डीव्हीडी!"

"शक्यच नाही!" मी उठून उभा राहिलो. टीव्हीमागे जाऊन केबली बघितल्या. तिचं खरं होतं. चाळीस इंची पडदा, समोरच्या भिंतीलगतचा सोफा, आणि आम्ही तिघंही साफ फसलो होतो. लाज वाटायला हवी होती, पण झाला आनंदच. म्हणजे घरात कपाटभर असलेल्या डीव्हीड्या अशा दिसू शकतात! आई चादर हातात धरून हसत सुटली होती. बाबा माकडाकडे असे बघत होते जणू त्यानंच फसवलं.

"फसवलं मी नाही, कडांनी," ती बाबांना म्हणाली. "हा प्लेअर कडा जरा जास्तच ठळक करतो. डोळ्याला ते स्पष्ट वाटतं. आणि एकच मोठा चेहरा असला की त्याचं काम सोपं होतं."

"पण मी सांगतो ऐक," बाबा म्हणाले. "आमच्याकडे पासपोर्टएवढ्या फोटोवरून पानभर चित्र छापायची हौस असायची साहेबांना. मी म्हणायचो, साहेब, ठोकळा कितीही मोठा करा, फोटोत नसलेली मिशी उगवणार नाही."

"नाही उगवणार, काका. प्लेअर मिशी उगवून देत नाही. असलेली मिशी विंचरून देतो."

बाबा इतक्या मोठ्यानं हसले की पोस्टमास्तर दचकले.

मला वाटलं परीक्षा संपली, ती जिंकली. पण ती रिमोट घेऊन पुन्हा टीव्हीकडे वळली. "अजून एक. आणि आता सगळे जरा पुढे सरका."

आम्ही खुर्च्या ओढल्या. चादर खाली आली. खाऱ्या पाण्याचं एक प्रचंड तळं, आणि त्यावर गुलाबी पक्ष्यांचा थवा, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुंदरच होतं. पाण्यावर कुणी गुलाल उधळल्यासारखं.

चादर वर. चादर खाली.

गुलाल नाहीसा झाला होता आणि त्या जागी पक्षी होते. एकेक. प्रत्येकाला मान होती, बाक असलेली चोच होती, काडीसारखे पाय होते, आणि त्या पायांची पाण्यात सावली होती. लांबवरच्या पक्ष्यांनासुद्धा. पोस्टमास्तर खुर्चीतून उठले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि काचेवर बोट न टेकवता, हवेतच एकेक पक्षी दाखवू लागले. "हा बघा. याचा एकच पाय दिसतोय. आणि हा, ह्याच्या पंखाखाली काळं आहे." त्यांच्या तोंडून एकही तिरकस शब्द आला नाही. त्यांना असं मी कधी पाहिलंच नव्हतं.

आईची चादर जमिनीवर पडली होती. "अग बाई, केवढे आहेत," ती म्हणाली.

"हे एचडी," पाहुणीनं सांगितलं. सांगायची गरज नव्हती. "इतकी बारीक गर्दी डीव्हीडीत मुळातच मावत नाही. मग कितीही हुशार अंदाज केला तरी थव्याचा डागच होणार."

मी तिच्याकडे बघत होतो. "हा सीन मुद्दाम निवडलास?"

"हो. काल सगळी फिल्म बघून निवडला."

"हरशील हे माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणूनच," ती म्हणाली. "तपासायला बसलोय ना आपण? मग सोप्पाच पेपर कसा काढायचा?"

मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा माणूस. स्वतःचं म्हणणं पाडायला कुणी इतक्या उत्साहानं खपतं, हे मी पहिल्यांदा बघत होतो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं तेही मला कळलं नव्हतं. तिला कळलं होतं, असं तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं.

भजी खाताना निकाल ठरला. लांबून बघायचं, चित्रात माणसं मोठी, मूळ डीव्हीडी चांगली: तर अपकन्व्हर्ट करणारा प्लेअर एचडीच्या खांद्याला खांदा लावतो. जवळ बसायचं, डोंगर, गवत, थवे बघायचे: तर नाही लावत, आणि लावणारही नाही. सोमवारी बसमध्ये हा निकाल आम्ही दोघांनी मिळून जाहीर केला. दोन्ही पक्षांनी आपणच जिंकलो म्हणून टाळ्या वाजवल्या.

ब्लू-रे टीम लीडला परत गेला. मला हवा असलेला सिनेमा त्यावर मिळतच नव्हता, तेव्हा मी तिच्यासारखाच प्लेअर घेतला, आणि तो जोडायला तिला बोलावलं. मला जोडता येत होता, हे आईलाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी आईनं कपाटातून एका जुन्या कृष्णधवल सिनेमाची डीव्हीडी काढली. लग्नाआधी तिनं तो मैत्रिणींबरोबर थेटरात पाहिला होता, आणि पुढे कितीतरी वेळा आमच्या जुन्या डब्यावर. सिनेमा सुरू झाला. नायिका झोपाळ्यावर बसून मान वळवते, एवढंच झालं आणि आई ओरडली, "थांब थांब! मागे घे!"

मी मागे घेतलं.

"कुडी आहे तिच्या कानात! मोत्यांची कुडी! इतकी वर्षं मी तिचे कान मोकळेच समजत होते!"

"दाखवा, दाखवा," म्हणत ती आईच्या शेजारी जमिनीवरच जाऊन बसली. दोघी नाकं टीव्हीला लावून बघायला लागल्या. बाबांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा कुणाकुणाला?" तर दोघींनी एकदमच "शूऽऽ" केलं. मग पुढचा सगळा सिनेमा तसाच झाला. दर दोन मिनिटांनी आई थांबवायची, मागे घ्यायला लावायची. साडीचे काठ, भिंतीवरचं घड्याळ, नायकाच्या कोटाचं तुटलेलं बटण. रिमोट कधीचाच तिच्या हातात गेला होता, आणि आई तिला हुकूम सोडत होती, "हं, आता पुढे घे. नको, नको, परत मागे."