विहिरीत न टाकलेली पावडर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे रोज बसते, पण त्यालाही मी होऊन कधी बोलले नाही. तुम्ही मला ओळखत नाही – म्हणून जमतंय बहुधा.

मी काशीत, रामघाटाच्या गल्लीत राहते. सगळी नोकरी मुलींना केमिस्ट्री शिकवण्यात गेली. क्लोरीन पाण्यातले जंतू कसे मारतो, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! लोकां सांगे ब्रह्मज्ञान – पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

सात-आठ वर्षं झाली. त्या वर्षी गंगेला मोठा पूर आला. गटारं उलटी वाहू लागली, नळाला काळं पाणी आलं, आणि सगळी गल्ली आमच्या अंगणातल्या विहिरीवर येऊ लागली. पूर ओसरताना एक सरकारी माणूस ब्लीचिंग पावडरची पिशवी देऊन गेला. कुणाच्या हातात? माझ्या. शिकलेली बाई ना मी! विहिरीत गटाराचं पाणी झिरपलंय, आज संध्याकाळीच टाका, असं बजावून गेला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं श्राद्ध होतं. पावडरचा वास मारणाऱ्या पाण्यात खीर शिजवायची? पानावर बसलेले ब्राह्मण काय म्हणतील? – मला कुणी अडवलं नव्हतं हो. यांनी तर विचारलंसुद्धा नाही. मीच पिशवी माळ्यावर टाकली आणि देवघरातलं गंगाजळ विहिरीत ओतलं. मी! गंगेच्या पुराने नासलेल्या विहिरीत गंगाजळ!

संध्याकाळी शेजाऱ्यांनी विचारलं, “बहनजी, कुएँ में दवा पड़ गई न?” “हाँ, पड़ गई,” मी म्हणाले. किती सहज.

वरच्या मजल्यावर आमची भाडेकरू रेणुका राहायची. अकोल्याची, नवरा रेल्वेत, तिला सहावा महिना. आम्हा सगळ्यांत शहाणी तीच – पाणी उकळूनच प्यायची. तिने जिन्यातून हाक मारली, “काकू, पावडर टाकलीत ना? मग आता उकळायला नको?”

“नको गं. कशाला उगाच गॅस जाळतेस?”

हे मी म्हणाले. ह्याच तोंडाने.

तिसऱ्या दिवशी मी पावडर टाकली. दोनच दिवस उशीर – असं मी स्वतःला किती वेळा समजावलं असेल?

महिन्याभराने रेणुकाचे डोळे पिवळे झाले. गर्भारपणात कावीळ जिवावर बेतू शकते, हे मला माहीत होतं. आठ दिवसांत ती गेली. पोटातलं बाळही गेलं. त्याआधी डॉक्टरांनी पाण्याची चौकशी केली, तेव्हा मी तिथेच बाकावर बसले होते. तिच्या नवऱ्याने सांगितलं, विहिरीचं पितो, पण औषध टाकलेलं. तेव्हा तरी बोलायचं! दुसऱ्या कुठल्या पाण्याने झालं असेल का? असेलही. पण ती बाहेरचा चहासुद्धा घेत नसे.

खोली रिकामी करून जाताना तो आमच्याकडे आला. वाकून माझ्या पाया पडला. म्हणाला, “काकू, परक्या गावात तुम्ही तिची आईसारखी काळजी घेतलीत.”

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सुखी राहा.”