गेल्या वर्षीची झावळी

भिंतीवरच्या क्रुसामागे खोचलेली गेल्या वर्षीची झावळी मी आज काढली. झावळ्यांच्या रविवारी घरी आणली तेव्हा हिरवीगार होती. आता बोट लागलं तरी तुकडा पडतो. राखेचा बुधवार जवळ आला की अशा जुन्या झावळ्या आम्ही चर्चमध्ये परत देतो. तिथे त्या जाळतात आणि तीच राख आमच्या कपाळाला लावतात.

ही झावळी दुमडून तिचा छोटासा क्रूस मला मार्थाने करून दिला होता. शेजारीण, पण सख्ख्या बहिणीहून जवळची. म्हणून तर नवऱ्याच्या दारूचं फक्त तिलाच सांगितलं. पुढच्याच प्रार्थनासभेत ती डोळे मिटून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "प्रभू, आमच्या या बहिणीच्या घरातली दारू सुटू दे." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मला भांडायचीही सोय राहिली नाही. प्रार्थनेवरून कसं भांडणार?

तेव्हापासून मी ओट्यापाशी एकटीच प्रार्थना करते. पूर्वीची गोड गोड वाक्यं आता येत नाहीत. "बघतोयस ना?" एवढंच विचारते, तेही कधी रागानं. पण प्रभूशी इतकं खरं मी आधी कधी बोललेच नव्हते.

चर्चच्या दारातल्या टोपलीत तो झावळीचा क्रूस टाकला, तेव्हा मार्था मागेच उभी होती. "अगं, तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते मी," ती म्हणाली.

"कर," मी म्हटलं, "पण मनातल्या मनात कर."